मत्स्यन्याय आणि जाळ्याचा न्याय

मराठी वैचारिक गद्यात 'मत्स्यन्याय' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मोठ्या प्रकाशनसंस्थेने छोटी गिळली, प्रमाणभाषेपुढे एखादी बोली हरली, की आपली लेखणी आपसूक त्याच्याकडे वळते. मोठा मासा लहान माशाला खातो. निसर्गाचाच नियम तो, त्याला कोण काय करणार, असा सुस्कारा त्यामागे असतो. शांतिपर्वात हा दाखला येतो तो राजा नसलेल्या प्रजेची अवस्था सांगण्यासाठी. तिथे तो इशारा आहे; आपण त्याची सबब केली. शिवाय दाखला माशांचा असूनही प्रत्यक्ष माशांचे काय चालले आहे हे पाहण्याची तसदी आपण साहित्यवाल्यांनी घेतलेली नाही. आमचे प्रतिपादन असे, की माणसाच्या जाळ्याखाली आलेल्या समुद्रात हा न्याय उलटा झाला आहे. तिथे मोठे होणे हेच मरणाचे कारण ठरते. आणि हे अराजकात नव्हे, राजाच्या देखरेखीखाली घडले.

आधी प्रक्रिया समजून घेऊ. ट्रॉलच्या जाळ्याची भोके ठरावीक मापाची असतात. लहान मासा त्यातून निसटतो, मोठा अडकतो. एका जातीचे सगळे मासे सारख्याच वेगाने वाढत नाहीत, सारख्याच वयात प्रजननक्षम होत नाहीत. आणि या फरकांचा काही भाग आनुवंशिक असतो. जो मासा उशिरा, पण धिप्पाड होऊन अंडी घालणार असतो, तो बहुधा त्याआधीच जाळ्यात जातो. जो खुजा राहून लवकर अंडी घालतो, त्याचा वंश पुढे सरकतो. शेतकरी बियाण्यासाठी उत्तम कणीस राखून ठेवतो. आपण समुद्रात उत्तम कणसे विकली आणि बियाण्याला खुरटी ठेवली.

हा केवळ तर्क नाही. डेव्हिड कोनोव्हर आणि स्टीफन मंच या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक मानला जातो. अटलांटिक सिल्व्हरसाइड या छोट्या माशाचे कळप त्यांनी टाक्यांत वाढवले. दर पिढीतले ९० टक्के मासे काढून घ्यायचे: काही कळपांतून सर्वांत मोठे, काहींतून सर्वांत लहान, उरलेल्यांतून सरसकट. मोठे मासे काढणाऱ्यांना सुरुवातीला भरघोस पीक मिळाले. पण अवघ्या चार पिढ्यांत चित्र पालटले. ज्या कळपांतून लहान मासे काढले जात होते, त्यांचे उत्पन्न मोठे काढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट भरले. उत्क्रांती लक्षावधी वर्षांची बाब असल्याने ती आपल्या हिशेबात धरायला नको, हा युक्तिवाद इथेच संपतो.

टाकीतून समुद्रात जाऊ. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाभोवतीच्या कॉड माशावर कित्येक शतके एक अख्खा समाज जगला. १९६८ साली तिथे आठ लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला. त्यात परदेशी ट्रॉलरांचा वाटा फार मोठा होता. १९७७ साली कॅनडाने आपली सागरी हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि परक्यांना आवर घातला. म्हणजे राजा आला. कोटे ठरले, शास्त्रज्ञ नेमले गेले, स्वदेशी ट्रॉलर वाढले. किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक १९८०च्या दशकात सांगत होते, की मासा कमी होतो आहे, लहान होतो आहे. त्यांची साक्ष हिशेबात फारशी धरली गेली नाही. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

या ऱ्हासाआधीच्या नोंदी एस्बेन ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. बंदी येईपर्यंत कॉड उत्तरोत्तर कमी वयात आणि कमी आकारात प्रजननक्षम होत गेला होता. म्हणजे संख्या कोसळण्यापूर्वी स्वभाव बदलू लागला होता, आणि कोट्यांचा हिशेब मांडणारे टनच मोजत होते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अन्न, तापमान, गर्दी यांनीही माशाची वाढ बदलते. प्रत्येक बदल आनुवंशिक नसतो. कॉडच्या जुन्या आणि नव्या नमुन्यांच्या जनुकांची तुलना करणाऱ्या २०२१च्या एका अभ्यासाला मोठ्या आनुवंशिक उलथापालथीचा पुरावा मिळाला नाही. उलट, पूर्व बाल्टिक समुद्रातील कॉडविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला तो मिळाला. माशाच्या कानात एक चुनखडीसारखा खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वाढीची वर्तुळे उमटतात. १९९६ ते २०१९ या काळातील असे खडे आणि त्याच माशांची जनुके एकत्र वाचून संशोधकांनी दाखवले, की त्या कॉडची कमाल लांबी जवळपास निम्म्यावर आली आणि वाढीशी निगडित जनुकांवर निवडीच्या खुणा आहेत. तेव्हा प्रत्येक समुद्रात सारखेच घडले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याची शक्यता सिद्ध आहे आणि जे उलटवायला कैक पिढ्या लागतात, त्याबाबत 'पुरावा पुरा होऊ द्या' म्हणणे ही सावधगिरी नव्हे.

प्रश्न दूरच्या समुद्राचाच आहे असेही नाही. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. पिल्ले वाचवणारा हा नियम आवश्यकच होता. त्याची अंमलबजावणी व्हावी. पण लहानाला सोडा आणि मोठ्याला हवे तितके धरा, एवढाच त्याचा अर्थ राहिला, तर निवडीची दिशा तीच राहते. मोठी मादी ही नुसती जास्त किलोची मादी नसते. दोन-दोन किलोंच्या २८ कॉड माद्या मिळून जितकी अंडी घालतात, त्याहून अधिक अंडी तीस किलोंची एकटी मादी घालते, असे २०१८ सालचा एक अभ्यास सांगतो. मोठ्यांनाही अभय देणारी कमाल मर्यादा, आणि जिथे जाळे पडणारच नाही असे राखीव पाणी, यांचा विचार म्हणूनच व्हायला हवा.

हे सारे साहित्याच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या गोंधळाचा एक भाग भाषेचा आहे. 'मासे कमी झाले', 'साठा घटला', 'मासा लहान झाला' ही सगळी अकर्मक वाक्ये आहेत. त्यांत कोणी काही केलेले नाही. 'साठा' म्हटले की धान्याची कोठी डोळ्यांपुढे येते: उपसा थांबवला की पुन्हा भरणारी आणि पूर्वीच्याच धान्याने भरणारी. खुद्द टी. एच. हक्सली, डार्विनचा खंदा कैवारी, १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात म्हणाला होता, की कॉडसारख्या मोठ्या सागरी मासेमाऱ्या बहुधा अक्षय आहेत. निवडीचे तत्त्व त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी माणसाच्या जाळ्याकडे निवड करणारा हात म्हणून पाहणे त्यालाही सुचले नाही, कारण हिशेब संख्येचा होता.

आम्ही शब्द शिकवणारे आणि तपासणारे लोक. एखाद्या कवितेतला कर्ता कुठे लपला आहे हे शोधायला आम्ही विद्यार्थ्यांना तासन्‌तास बसवतो. मग 'मत्स्यन्याय' या शब्दामागे लपलेला कर्ता तेवढा आम्हाला दिसू नये? न्यूफाउंडलंडचा कॉड मोठ्या माशाने संपवला नाही. त्या जाळ्याच्या भोकांचे माप माणसाने ठरवले होते, कोटा माणसाने मंजूर केला होता आणि साक्ष कोणाची धरायची हेही माणसानेच ठरवले होते. याला निसर्गनियम म्हणणारे वाक्य वर्गात आले, तर ते लाल शाईने खोडावे आणि समासात विचारावे: कर्ता कोण?