ऐकणाऱ्याचा खिसा आणि आवड

वर्षअखेरीस पॉप संगीताचा रसिक आवडत्या गाण्यांची व अल्बमांची यादी करतो, तेव्हा कोणी किती पैसे मोजले हा प्रश्न उद्‌भवत नाही. बाजाराच्या यादीत मात्र तोच कळीचा ठरतो. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ने २०१८ साली ठरविले की, वर्गणीदारांनी १,२५० वेळा, अथवा जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा गाणी ऐकली, म्हणजे एक अल्बम खपला असे धरावे. त्या नियमात फुकट्याची तीन श्रवणे म्हणजे वर्गणीदाराचे एक होते! धंद्याचे उत्पन्न मोजण्यास हा हिशेब चोख असेल. लोकप्रियता मोजण्यास खचित नव्हे. शिवाय वर्षातून चारदाच, पण जीव लावून ऐकलेला अल्बम कोणत्याच गणतीत बसत नाही. रसिकाची यादी लहरी असते खरी. तरीही वृत्तपत्रांनी खपाच्या कोष्टकाशेजारी तिला जागा द्यावी.