यंत्र घेतलं, नळी कुणी घ्यायची?

लाकूडकामाचं कुठलंही विजेचं यंत्र उलटून पाहा. टेबल सॉ असो, रंधा मशीन असो की हातात मावणारा सँडर, मागे किंवा बुडाशी एक गोल तोंड असतं. भुसा बाहेर पडायचं. त्या तोंडाला काय जोडायचं हे दुकानदार सांगत नाही, पुस्तिकेत एका ओळीत उरकलेलं असतं आणि घेणारा विचारत नाही. घरातल्या कार्यशाळेत हे तोंड उघडं ठेवून यंत्र चालवणं म्हणजे धुराडं न बांधता चूल पेटवणं. धूर ज्याच्या-त्याच्या डोळ्यांत जातो, स्वयंपाक करणाऱ्याच्याच नाही.

हा विषय मी इथे का काढतोय? आपल्या मोहल्ल्यांत फर्निचर, पॉलिश, चौकटी-दारं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. खाली कारखाना, वर घर. किंवा पुढे दुकान, मधे यंत्र, मागे चूल. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या घराण्यांमध्येही लाकूड आणि भोपळा घासला जातो तो राहत्या घराला लागूनच. मिस्त्रीच्या खोकल्याला आपल्याकडे कुणी आजार म्हणतच नाही. "चाचांना धंद्याचा खोकला आहे," एवढं सांगितलं की विषय संपतो.

तो तसा संपत नाही. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. 1960 च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतला एक अगदी दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. पुढे 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. (हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. घाबरवायचा हेतू नाही.) दमा आणि त्वचेचे विकार वेगळे. सागवानाने हात खाजतात हे मिस्त्रींना कुठल्याही संस्थेच्या आधीपासून माहीत आहे. एमडीएफची धूळ तर पिठाहून बारीक, वर तिच्यात डिंकातलं फॉर्माल्डिहाइड.

यावर हमखास उत्तर येतं: आमच्या बाप-आजोबांनी कुठे पाइप लावले होते? नव्हते लावले, पण त्यांच्या हातात रंधा होता. हातरंध्यातून निघतो तो छिलका. तो पायाशी पडतो आणि संध्याकाळी झाडूने गोळा होतो. सँडर मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या मारतो. त्याची धूळ पायाशी पडत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते. यंत्र बंद करून, मास्क काढून तुम्ही चहा प्यायला बसता तेव्हाही ती तिथेच असते. म्हणून एकटा मास्क पुरत नाही. मास्क ज्याने घातला त्याच्यापुरता. दाराआड अभ्यास करणाऱ्या मुलीला कुणी मास्क दिलेला नसतो.

आता नळीकडे येऊ. खरी रड मापाची आहे. एका सँडरचं तोंड 35 मिलिमीटर, दुसऱ्याचं 38, कटरचं आणखी तिसरं, टेबल सॉचं अडीच किंवा चार इंच. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांना एकच नळी बसेल याची हमी नाही. माझं मत स्पष्ट आहे: जोडणी ही यंत्राचाच भाग आहे, ती खोक्यातच आली पाहिजे. सायकल विकताना पॅडल वेगळं घ्या म्हणून सांगितलेलं चालेल का?

ती येत नाही तोवर आपल्याला प्लंबिंगचं दुकान आहे. पण एक अडचण आधी सांगतो. ड्रेनेजचा "चार इंची" पीव्हीसी पाइप बाहेरून 110 मिलिमीटर असतो आणि चार इंची नळी आतून जेमतेम 102. म्हणजे नळी पाइपावर चढत नाही. अशा वेळी मोटारीच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हींवर ओढून चढवायचा आणि दोन्हीकडून क्लॅम्प आवळायचे. लहान नळीला सायकलची ट्यूब पुरते. चिकटपट्टी मात्र नको. ती आठवड्यात सुटते आणि कुठे सुटली ते कळत नाही.

दुसरी गोष्ट शाळेतल्या गणिताची. नळीचा व्यास निम्मा केला की तोंडाचं क्षेत्रफळ चौथाई होतं. चार इंचांवरून अडीचवर आलात की चाळीस टक्केसुद्धा उरत नाही. म्हणून टेबल सॉच्या चार इंची तोंडाला रिड्यूसर लावून घरचा व्हॅक्यूम जोडला तर तो आवाज भरपूर करतो, भुसा मात्र पेटीतच साचतो. व्हॅक्यूम जोराने ओढतो पण थोडी हवा. तो सँडर, राउटर, कटर यांच्यासाठी. टेबल सॉ आणि रंधा मशीनला भरपूर हवा खेचणारा मोठा पंखा लागतो. दोन्ही कामं एकाकडून करून घ्यायचा हट्ट धरू नये.

खाचा असलेली लवचीक नळी हवेला अडवते, म्हणून ती यंत्राजवळ हात-दोन हातच ठेवावी, पुढे गुळगुळीत पाइप. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन. फाटा काढताना टी नको, वाय. चालू नसलेल्या यंत्राचं तोंड बंद. सँडरची नळी हाताला ओढ देते म्हणून लोक ती काढून ठेवतात. माझ्या पडवीत ती छताच्या पंख्याच्या हुकाला दोरीने टांगलेली आहे, ओढ जाणवतही नाही. आणि पॉलिश पेपरची भोकं सँडरच्या भोकांवर बसलीच पाहिजेत. स्वस्तातला बिनभोकांचा कागद लावलात तर पुढची सगळी नळी शोभेची.

नळीचं दुसरं टोकही बघा. जाडसर कापडी पिशवी छिलके अडवते आणि सर्वांत घातक बारीक धूळ वाऱ्यासह परत खोलीत सोडते. एक तर चांगला फिल्टर हवा, नाहीतर पिशवी भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 14 मध्ये म्हटलं होतं की धूळ खेचणारं साधन धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितकं जवळ लावावं. नळी जोडण्याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. पण विजेवर चालणारा कारखाना या कायद्यात धरायचा तर दहा कामगार लागत. गल्लीतल्या तीन माणसांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे मालकानेच मनावर घ्यायचं आहे आणि खर्च गिऱ्हाइकाकडून उघडपणे मागायचा आहे. कोटेशनमध्ये प्लाय, लॅमिनेट, बिजागरी यांच्याखाली "धूळ" अशी एक ओळ टाका. गिऱ्हाईक ही ओळ कसली म्हणून विचारेल. त्याला दिवसभरात भरलेली पिशवी दाखवा.

एक राहिलं. लोखंड घासणारा ग्राइंडर या नळीला कधीही जोडू नका. ठिणगी पिशवीत जाते आणि भुसा गुपचूप धुमसत राहतो. नळीतली तार अर्थिंगला जोडा, नाहीतर कोरड्या हवेत स्थिर विजेचे चटके बसतात. आणि पिशवी रात्री घरात भरलेली ठेवू नका.