बोटावरचा चिमटा आणि कातडीचा रंग

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघरी आल्या, ते आपल्याला आठवत असेल. ताप मोजायचे यंत्र आणि बोटाला लावायचा एक चिमटा त्यांच्याजवळ असे. तेव्हापासून ‘ऑक्सिजन किती?’ हा प्रश्न वस्तीतल्या लहानथोरांना पाठ झाला. आकडा ९५ च्या वर दिसला की जीव भांड्यात पडायचा. खाली गेला की धावपळ सुरू व्हायची. त्या चिमट्याचे नाव पल्स ऑक्सिमीटर. तो कसा चालतो आणि कधी चुकतो, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकाश बोटातून जातात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन भरलेले रक्त अवरक्त प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन कमी असलेले रक्त लाल प्रकाश जास्त शोषते. पलीकडे कोणता प्रकाश किती पोचला, यावरून यंत्र हिशेब करते. पण बोटात कातडी, मांस, हाडही असते. त्यातून रक्त वेगळे कसे ओळखायचे? नाडीच्या ठोक्याबरोबर जो प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच धमनीतल्या रक्ताचा, ही युक्ती १९७४ मध्ये जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी मांडली. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, तेव्हा साऱ्या जगाला त्यांच्याच यंत्राची गरज पडली होती.

आता चुकीकडे वळू. कातडीला रंग देणारे मेलॅनिनही प्रकाश शोषते. म्हणून गडद कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्ताची तपासणी ८८ च्याही खाली निघाली, असे गोऱ्या रुग्णांत शेकडा ३.६ वेळा घडले; काळ्या रुग्णांत ११.७ वेळा. म्हणजे तिपटीहून अधिक! आकड्यावर विसंबून अशा रुग्णाला ‘ठीक आहे’ म्हटले, तर त्याच्या जिवावर बेतते. असाच इशारा १९९० मध्येही एका अमेरिकन अभ्यासाने दिला होता.

मग इतकी वर्षे काय झाले? हे यंत्र निरोगी माणसांवर तपासून बाजारात येते. अमेरिकन औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनेत गडद रंगाची निदान दोन माणसे किंवा एकूण १५ टक्के माणसे पुरेशी मानली होती. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सूचनांचा मसुदा निघाला. त्यात दीडशे माणसे आणि सर्व रंगछटा असाव्यात, असे सुचवले आहे. यंत्राला भेदभाव कळत नाही. पण तपासणीतून ज्यांना वगळले, त्यांच्या बाबतीत ते चुकते.

म्हणून यंत्र फेकून देऊ नका, नीट वापरा. नखांचा रंग काढा, हात गार असतील तर चोळून ऊबदार करा, हात स्थिर ठेवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. एका आकड्यावर न जाता तो दिवसागणिक उतरतो आहे का, ते लिहून ठेवा. आणि धाप लागत असेल, ओठ निळसर पडत असतील, माणूस बोलताना अडखळत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी दवाखाना गाठा. तेथे डॉक्टरांना निःसंकोच विचारा : ‘साहेब, धमनीतले रक्त तपासायला हवे का?’