वडी की बोटी?

अब्बूंचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी नांदेडला घरीच होते. कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मटण कमी करा." दुसऱ्या दिवशी लातूरहून मामू आले आणि दस्तरखानावरच उपाय सांगून मोकळे झाले, "आपा, आता सोयाबीनचा खिमा करा. चव तीच, त्रास नाही." अम्मीने विचारलं, "पण ते खरंच चांगलं असतं का?" कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं.

हा प्रश्न आपल्या भागाचाच आहे. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावासाठी देशभर ओळखली जाते. लातूरच्याच देशमुख घराण्यातले अभिनेते रितेश देशमुख यांनी जिनिलिया यांच्यासोबत २०२१ मध्ये वनस्पतीपासून कबाब आणि खिमा बनवणारी 'इमॅजिन मीट्स' ही कंपनी सुरू केली. म्हणजे शेत आपलं, जाहिरातही आपल्याच माणसांची. मग तपासून पाहायला काय हरकत आहे?

आधी साधी सोयाबीन वडी घेऊ. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पिठावर उष्णता आणि दाब देऊन ती बनते. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं असतात, मटणात साधारण २०. हा आकडा सगळे सांगतात, पण वडी कोरडी कोण खातं? भिजली की तिचं वजन अडीच-तीन पट होतं. ताटात वाढल्यावर वडी आणि बोटी प्रथिनांत जवळपास बरोबरीला येतात. तरीही वडी स्वस्त आहे, तिच्यात चरबी जवळजवळ नाही आणि मांसात नसलेला तंतू म्हणजे फायबर आहे. अब्बूंसाठी ही चांगली बाब.

उणीवही आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. वडीत लोह आहे, पण मांसातल्या लोहाइतकं ते शरीरात मुरत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. 'लातूर पॅटर्न'साठी गाव सोडून मेसच्या डब्यावर राहणाऱ्या आपल्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. वडीच्या भाजीवर लिंबू पिळा, कारण 'क' जीवनसत्त्वाने लोह जास्त मुरतं. सोबत अंडं, दूध किंवा दही असू द्या.

पाकिटातला कबाब मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात प्रथिनांसोबत तेल, मीठ, चव आणि घट्टपणा आणणारे पदार्थ येतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य पर्याय खाल्ले. पर्याय खाताना वाईट कोलेस्टेरॉल आणि वजन थोडं उतरलं. पण माणसं थोडी होती, काळ कमी होता आणि पैसा असे पर्याय बनवणाऱ्या कंपनीचाच होता. त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानता येत नाही. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. हेही आपण ऐकलं पाहिजे.

आपल्याला ते ऐकणं जड जातं, याचं कारणही माहीत आहे. त्याच २०१५ साली राज्यात गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढली. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस कमी झालं, खाटीक आणि कुरेशी बांधवांच्या रोजीवर गदा आली. तेव्हापासून कुणी "मांस कमी खा" म्हटलं की आपल्याला आधी राजकारण ऐकू येतं. राग रास्त आहे. पण त्या रागापोटी अब्बूंच्या रक्तवाहिन्यांकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. आपण काय खायचं हे सरकारने ठरवू नये, आणि आपल्या हट्टानेही ठरू नये. अन्न हलाल असावं तसंच तय्यब, म्हणजे चांगलं आणि पोषकही असावं, हे आपण लहानपणापासून शिकलोय. पहिली अट आपण काटेकोर पाळतो. दुसरीचं काय?

माझं मत असं: रोज तेलात तरंगणाऱ्या सालनापेक्षा वडी बरी. महाग पाकिटातल्या खारट कबाबापेक्षा घरचं, चरबी काढलेलं, बेताचं मटण बरं. आणि दोन्हींच्या जोडीला डाळ, भाजी हवीच.

आमच्या घरी आता आठवड्यातून दोनदा वडीचा खिमा होतो आणि जुम्म्याला मटण, पण प्रत्येकाला मोजून दोन-तीन बोट्या. अब्बू कुरकुरतात. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. तोवर तुम्हीही आपल्या घरच्या मोठ्यांचा रिपोर्ट एकदा काढून बघा, आणि ताटाबद्दल त्यांच्याशी बोला.