बोनेट गरम होतं

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून तात्यांचा फोन. तात्या म्हणजे माझे चुलते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गेल्या दिवाळीत त्यांनी एक जुनी गाडी घेतली. शेतावर जायला मोटरसायकल बरी पडते, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ शेडमध्येच असते.

"अरे, चार दिवस उभी राहिली की सुरूच व्हायला बघत नाही. गॅरेजवाला म्हणतोय बॅटरी गेली. टाकू का नवीन?"

मी विचारलं, "तात्या, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो? रडत रडत फिरतो, की जोरात फिरतो आणि इंजिन पकडत नाही?"

"ते कोण बघतंय? सुरू होत नाही एवढं खरं."

हेच उत्तर मी एकेकाळी दिलं होतं. त्याची किंमत सात हजारांच्या वर गेली आणि एक रात्र तर पैशांत मोजता न येण्यासारखी गेली. म्हणून हे लिहितोय. उभी राहिलेली गाडी उशिरा सुरू होते, या एका तक्रारीच्या पोटात दोन वेगळे आजार असतात. ते वेगळे केल्याशिवाय कुणी नवीन सामान विकत घेऊ नये. आणि जुनी गाडी घेताना ती थंड असतानाच बघावी, विकणारा कितीही सीनियर असला तरी.

काही वर्षांपूर्वी मी उत्तर बंगालमध्ये बिन्नागुडीला होतो. पोस्टिंगचा हंगाम सुरू झाला की छावणीत जुन्या गाड्या, फ्रिज आणि सायकली निघतात. एक सीनियर दक्षिणेत चालले होते. एनडीएत आम्ही एकाच स्क्वाड्रनचे, ते मला दोन कोर्स वरचे. पेट्रोलवरची छोटी गाडी, नऊ वर्षांची, ५८ हजार किलोमीटर चाललेली. त्यांनी दुपारी चारला बोलावलं. किल्ली फिरवली, गाडी एका फटक्यात सुरू. एक चक्कर मारली, चहा झाला, व्यवहार झाला. बोनेट उघडलं तेव्हा ते गरम होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण ज्या माणसाने खडकवासल्याला आपल्याला पहिल्या टर्ममध्ये रगडलं आणि दुसऱ्या टर्ममध्ये पाठीशी घातलं, त्याला "सर, उद्या सकाळी थंड असताना बघतो" असं कोण म्हणणार?

सकाळी सुरू करताना ती तीन-चार सेकंद घ्यायची. जुनी आहे, म्हणून मी सोडून दिलं. रोज वापरात होती तोवर चाललं.

मग आमची तुकडी तीस्ता फायरिंग रेंजवर गेली. गाडी आठवडाभर उभी राहिली. एका रात्री मुलीला दम्याचा त्रास सुरू झाला. इनहेलरने उतरेना. डुआर्समध्ये रात्री बाहेर पडणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. हत्ती रस्त्यावर येतात, छावणीतही येतात. बायकोने मुलीला मागच्या सीटवर बसवलं आणि सेल्फ मारायला सुरुवात केली. दहा सेकंद, पुन्हा दहा सेकंद. घाबरलेला माणूस किल्ली सोडत नाही. शेवटी बॅटरी उतरली. शेजारच्या मेजरसाहेबांनी दोघींना रुग्णालयात पोहोचवलं, मुलगी तासाभरात सावरली. दुसऱ्या दिवशी फोनवर बायको एवढंच म्हणाली, "तू म्हणाला होतास ना, एका फटक्यात सुरू होते?"

परत आल्यावर मी बाजारातल्या दुकानात गेलो. बॅटरी उतरली होती हे खरंच होतं, त्यामुळे नवीन बॅटरी, साडेचार हजार. दोन आठवड्यांनी परत तेच. मग स्पार्क प्लग, आठशे. मग सेल्फ उघडून त्याची दुरुस्ती, अठराशे. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेलेली असायची, म्हणजे गरम. गरम गाडी तिथे नीट सुरू व्हायची आणि मेकॅनिक म्हणायचा, झालं काम. त्याचाही दोष नव्हता. आजार फक्त उभ्या गाडीत होता आणि मी त्याला कायम चालती गाडी दाखवत होतो.

शेवटी आमच्या एलएडीतले एक हवालदार रविवारी घरी आले. (सरकारी वेळ, सरकारी सामान यातलं काहीही नाही. चहा आणि पोहे एवढंच घेतलं, पैसे घेतले नाहीत.) गाडी तीन दिवस उभी होती, आणि येण्याआधी हात लावू नका असं त्यांनी बजावलं होतं. आधी पाच सेकंद सेल्फ मारून ऐकलं.

"साहब, सेल्फ तो तेज घूम रहा है. फिर बैटरी को क्यों मार रहे हैं?"

मग किल्ली फक्त 'ऑन'पर्यंत नेली. मागच्या सीटखाली दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली. तो पेट्रोलचा पंप. किल्ली बंद. पुन्हा ऑन, पुन्हा गुणगुण. असं तीनदा केलं आणि चौथ्या वेळी सेल्फ मारला. गाडी एका फटक्यात सुरू! मी महिनाभर हजारांनी पैसे टाकत होतो, आणि निदानाला एक पैसाही लागला नाही.

आत काय होत होतं ते असं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि तो नळीत दाब तयार करतो. इंजिन बंद केल्यावर तो दाब टिकून राहावा म्हणून पंपात एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो झिजला की पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं. दुकानात जाऊन दहा मिनिटांत परत या, काही कळणार नाही. रात्रभर ठेवा, थोडा उशीर. आठवडाभर ठेवा, आणि दाब तयार होईपर्यंत सेल्फ फिरतच राहतो. किल्ली तीनदा ऑन-ऑफ केली की सेल्फच्या आधीच पंप हे काम उरकतो.

हवालदार तेवढ्यावर थांबले नाहीत. दाब गळतो हे कळलं, पण कुठून? इंजेक्टर ठिबकत असला तरी दाब उतरतोच. फक्त तेव्हा उशिरा सुरू होताना पेट्रोलचा वास येतो, इंजिन थोडा वेळ अडखळतं, कधी काळा धूर निघतो. इथे तसं काही नव्हतं. तरी त्यांनी दाबाचं मीटर लावलं, इंजिन बंद करून काटा घसरताना दाखवला, आणि मग टाकीकडून येणारी रबरी नळी चिमट्यात दाबली. काटा थांबला. म्हणजे गळती टाकीच्या बाजूला. (हे मीटरचं काम घरी करू नका. दाबाखालचं पेट्रोल उडतं. किल्लीचा प्रयोग मात्र कुणीही करावा.)

म्हणाले, "किल्ली तीन बार घुमाके भी साल भर चल जाएगा. लेकिन मेमसाहब को भी पता होना चाहिए." मी पंपच बदलला, सिलीगुडीहून मागवून. त्या रात्रीनंतर दुसरा पर्यायच नव्हता.

आता दुसरा आजार, रडणारा सेल्फ. इथे खरंच वीज कमी पडते. पण म्हणून लगेच बॅटरी बदलायची नाही. साधं मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२ दिसलं तर बरीच उतरलेली. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ रडत असेल तर टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघा. आणि उतरलेली असेल तर ती का उतरली हा पुढचा प्रश्न. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, इंजिनचा संगणक थोडा करंट खातच असतात. ५० मिलिअँपिअर साधारण चालतं असं धरतात. पण हिशोब करा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, एकवीस दिवसांत २५ च्या वर. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. म्हणजे निरोगी गाडीसुद्धा तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर रडणार. वर कुणी नंतर बसवलेला कॅमेरा आणि म्युझिक सिस्टिम असेल तर एका आठवड्यातच.

फील्डला जाताना आपण सगळे शेजाऱ्याला सांगतो, "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेव." हे मला पटत नाही. उभ्या गाडीत पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेलंही धड भरून निघत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एकतर अर्धा तास चालवा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. लेहला हिवाळ्यात आम्ही कधी कधी बॅटरीच काढून खोलीत घेत असू. तिथे डिझेल गोठण्याचं दुखणं वेगळंच. २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आलं, तेव्हा ते थोडं कमी झालं.

हल्ली तिसरा आरोपी आला आहे, ई-२० पेट्रोल. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांना त्याचा त्रास होऊ शकतो, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, हे खरं. म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. पण निदान न करता "पेट्रोलच खराब" म्हणणं आणि निदान न करता बॅटरी बदलणं यात मला काही फरक दिसत नाही.

तात्यांना मी हे सगळं फोनवर नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की उद्या सकाळी फोन स्पीकरवर ठेवा आणि सेल्फ मारा. ऐकलं, रडत होता. बोनेट उघडून बघायला लावलं तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी. वायरी काढल्या, गरम पाणी, जुना ब्रश, पान्याने घट्ट. सुरू झाली. तात्या म्हणाले, "मग गॅरेजवाला बॅटरी कशाला सांगत होता?" मी म्हटलं, तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?

ते सीनियर मला नंतर एकदा दिल्लीत भेटले. "गाडी कशी होती रे?" त्यांनी विचारलं. "छान होती सर," मी म्हणालो. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. ते रोज ऑफिसला नेत होते, कदाचित खरंच जाणवलं नसेल. पण दुपारी चार वाजता बोनेट गरम होतं आणि मी विचारलं नाही, हा भाग माझाच.

माझी बदली आली तेव्हा मी ती गाडी एका तरुण कॅप्टनला विकली. पंपाची पावती दाखवली, आणि दोन दिवस गाडीला हात न लावता त्याला सकाळी सहाला बोलावलं. तो आला, बिचकत बिचकत बोनेटवर हात ठेवला, मग किल्ली फिरवली. लगेच सुरू झाली. मग त्याने चारही काचा खालीवर करून बघितल्या, डावी मागची अडकते हे शोधून काढलं, आणि दोन हजार कमी केले.