घरगुती हिशेब : ट्रंकेंतली पुरचुंडी

पैशाचा विषय निघाला म्हणजे पुरुषमंडळी ओटीवर बसावयाची आणि बायकांनीं माजघरांत जावयाचें, असा आपल्या घरांतला जुना शिरस्ता आहे. तो चांगला कीं वाईट, याचा विचार आम्हींही पुष्कळ वर्षें केला नव्हता. शाळेंत मुलांकडून व्याजाचीं शेंकडों उदाहरणें सोडवून घेतलीं. परंतु आपल्या घरांत कोणाजवळ काय शिल्लक आहे व ती कोठें आहे, हें कधीं विचारलें नाहीं. तो धडा आम्हांस उतारवयांत मिळाला.

ता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या त्या वेळच्या नोटा चलनांतून काढल्याचें जाहीर झालें. त्या बँकेंत भरण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. आम्ही रांगेंत उभे राहून स्वतःच्या व मुलांच्या नोटा वेळेवर भरल्या आणि निश्चिंत झालों. पुढें संक्रांतीच्या दिवशीं तिळगूळ वांटून झाल्यावर आमच्या आक्का, म्हणजे वडील भगिनी, एक पुरचुंडी घेऊन आमच्यापुढें येऊन बसल्या. वैधव्य आल्यापासून त्या आमच्याच कुटुंबांत आहेत. पुरचुंडींत हजाराच्या चार व पांचशेंच्या पांच नोटा होत्या.

“अरे, ह्या आतां चालत नाहींत ना?” आक्कांनीं विचारलें.

आम्हीं मान हलविली. त्या नोटा कोणाच्या, हें सांगावें लागलें नाहीं. दर भाऊबिजेस आम्हींच त्यांच्या ताटांत घातलेली ती ओवाळणी होती. आपल्या शेवटच्या खर्चाचा भार कोणावर पडूं नये, म्हणून त्यांनीं ती ट्रंकेंत लुगड्याच्या घडीखालीं जपून ठेविली होती. “मग वेळेवर कां सांगितलें नाहीं?” असें आम्हीं जरा रागानेंच म्हटलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “माझें खातें कुठें आहे? आणि तूं तरी कधीं विचारलेंस?”

भावानें दिलेलें धन हें स्त्रीधन, असें स्मृतिकार सांगतात, आणि आम्हीं तें विद्यार्थ्यांस शिकविलेंही आहे. परंतु ज्या धनाला ठेवावयास जागा नाहीं, त्यावरचा हक्क पोथींतच राहतो. साडेसहा हजारांची रक्कम कोणास क्षुल्लक वाटेल. आक्कांची ती सर्व पुंजी होती. म्हणून आज चार साध्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाचें, विशेषतः स्त्रियांचें, स्वतःच्या नांवाचें बचत खातें असावें. टपाल कचेरींतील बचत बँक आपल्या देशांत १८८२ पासून चालू आहे. बँकांतूनही किमान शिलकीची अट नसलेलें मूलभूत बचत खातें उघडतां येतें. बँका १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज आकारतात. टपाल कचेरींत मात्र महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर व्याज मिळतें. म्हणून तेथें पैसे भरणें तें दहा तारखेच्या आंत भरावें.

दुसरी गोष्ट, लौकर न लागणारा पैसा मुदत ठेवींत ठेवावा आणि दरमहा थोडथोडें शिल्लक पडत असेल तर आवर्ती ठेव सुरू करावी. एक हजार रुपये दर साल दर शेंकडा सहा व्याजानें बारा वर्षें ठेविले, तर सरळ व्याजानें त्यांचे १,७२० होतात; दर साल चक्रवाढीनें मात्र सुमारें २,०१२, म्हणजे दामदुप्पट. बहात्तरास व्याजाच्या दरानें भागलें कीं दुपटीचीं वर्षें अदमासानें निघतात. ट्रंकेंतील नोट मात्र बारा वर्षांनींही तेवढीच राहते, आणि महागाईमुळें तिची किंमत उलट घटते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर ठेवींच्या विम्याचा कायदा झाला, आणि १९६२ पासून दर ठेवीदारामागें १,५०० रुपयांचें संरक्षण मिळूं लागलें. ती मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाख रुपये झाली. एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच माणसाच्या ठेवी, मुद्दल व व्याज मिळून, तींत धरतात. सहकारी बँकांसही हा विमा लागू आहे, पतसंस्थांस नाहीं. शेजारच्या पतसंस्थेंत दोन टक्के अधिक मिळतात म्हणून घरची सर्व पुंजी तेथें नेऊन ठेवणाऱ्यानें हा भेद आधीं ध्यानीं घ्यावा.

चौथी गोष्ट, प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावें. तें केलेलें नसल्यास मागें राहिलेल्या माणसांस, दुःखाच्या दिवसांतच, कागदपत्रांसाठीं खेटे घालावे लागतात. तथापि नामनिर्देशित व्यक्ति पैसे स्वीकारते एवढेंच. ती आपोआप मालक होत नाहीं. मालकी वारसांची अथवा मृत्युपत्रानुसार ठरते. घरांत तंटा नको असेल, तर हें सर्वांस आधींच समजावून ठेवावें.

त्याच फेब्रुवारींत आम्ही आक्कांना बँकेंत घेऊन गेलों. अर्जावर त्यांनीं आपलें पूर्ण नांव सावकाश, एकेक अक्षर जुळवून लिहिलें. साडेसहा हजार आम्हीं आमच्या पेन्शनींतून भरूं लागलों, तेव्हां त्यांनीं आमचा हात धरला. “हें तुझें झालें. माझें मी भाऊबिजेपासून भरीन,” असें म्हणून त्यांनीं कनवटीचे शंभर रुपये काढून दिले, आणि त्यावरच खातें उघडलें.

त्या नऊ नोटा आमच्या मेजाच्या खणांत आहेत. आक्कांचें पासबुक मात्र त्यांच्यापाशीं असतें. तें भरून आणलें कीं त्या चष्मा लावून व्याजाची ओळ स्वतः वाचतात, आणि आंकडा आम्हांस सांगत नाहींत. आम्हीही विचारीत नाहीं. आतां न विचारण्यांत मान आहे. परंतु ज्या घरीं खातेंच नाहीं, तेथें पुढील अंक हातीं येण्यापूर्वीं वाचकांनीं माजघरांत जाऊन एकदां अवश्य विचारावें.