सेनापती आणि धनी

‘देशाचा कारभार एकदा लष्कराच्या हाती दिला, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होईल,’ हे मत आमच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या जुन्या वसाहतींपासून नव्या मनोऱ्यांपर्यंत, सुशिक्षितांच्या तोंडूनही वारंवार ऐकू येते. तुंबलेली गटारे आणि पुढाऱ्यांच्या कोलांट्या यांनी गांजलेल्या मनाचा हा उद्गार आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्राग्याला विचाराची प्रतिष्ठा देता येत नाही.

असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणात मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. एकीकडे शाहू छत्रपतींचे पेशवे बाजीराव, दुसरीकडे त्याच छत्रपतींचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. वाद गुजराथच्या उत्पन्नाचा. त्यासाठी सेनापतींनी निजामाशी संधान बांधले होते. त्र्यंबकराव लढता लढता पडले. धनी एक, चाकर दोन, आणि सांडले ते मराठ्यांचेच रक्त! सेनापतिपद वंशपरंपरेने चालू लागले आणि त्याच्या हाती स्वतंत्र उत्पन्न आले, म्हणजे तलवार कोणाच्या आज्ञेने उपसावयाची, हा प्रश्न असाच सुटावयाचा.

स्वतंत्र भारताने हा धोका ओळखला. घटनेच्या ५३व्या कलमाने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे ठेविले आणि त्याचा वापर कायद्याने बांधला. १९५५ साली कमांडर-इन-चीफ हे पद मोडून तिन्ही दलांना आपापले प्रमुख दिले. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले, तेव्हाही त्या पदास तिन्ही प्रमुखांवर लष्करी हुकमत दिली गेली नाही. सर्वांत मोठा सेनानी हा सरकारचा मुख्य लष्करी सल्लागार होय. राज्याचा धनी नव्हे.

मात्र सल्लागार मुका असून भागत नाही, आणि येथे सरकारेही दोषी आहेत. १९५९ साली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो परत घ्यावयास लाविला, आणि पुढे लोकसभेत बोल लाविला तो जनरलांनाच! १९६२च्या पराभवास, सेनानीचे म्हणणे उडवून लावण्याची ही खोडही कारण झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टरच्या अपघातात जनरल रावत निवर्तले. त्यांची जागा भरली गेली ३० सप्टेंबर २०२२ रोजी. ज्या पदाची शिफारस कारगिलच्या युद्धानंतर २००१ सालीच झाली होती, ते जवळजवळ दहा महिने रिकामे राहावे, याचे समर्थन कसे करावयाचे?

सेनापतीने बंद दाराआड निर्भीडपणे सांगावे आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेने पाळावा. मंत्र्याने आधी नीट ऐकावे आणि अपयशाचे खापर दुसऱ्यावर फोडू नये. राहिला नागरिक. त्याने गटार तुंबले तर महापालिकेस जाब विचारावा. त्यासाठी रणगाडा मागवू नये.